आउटबोर्ड मोटरचा शाफ्ट किती लांब हवा? स्पीडबोट घेण्याआधी ही मोजपट्टी नक्की वापरा

मालवण, तारकर्ली, अलिबाग किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर स्पीडबोटीत बसला असाल, तर बोटीच्या मागे लटकवलेली मोटर तुम्ही पाहिली असेल. हीच आउटबोर्ड मोटर. ती विकत घेताना बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात, 'किती हॉर्सपॉवर?' दुसरा प्रश्न असतो किमतीचा. पण बोट नीट चालणार की नाही, हे तिसऱ्याच गोष्टीवर अवलंबून असतं. ती म्हणजे शाफ्टची लांबी.

ही लांबी चुकली तर लाखोंची मोटरही पाण्यात नुसतीच गुरगुरते. बोट पुढे जात नाही, इंजिन तापतं, आणि लाटांमध्ये ऐन वेळी ताकद गेली तर जिवावरही बेतू शकतं.

शाफ्ट म्हणजे नेमकं काय?

आउटबोर्ड मोटरचे ढोबळमानाने तीन भाग असतात. वर इंजिन, खाली पाण्यात फिरणारा प्रोपेलर, म्हणजे आपल्याकडच्या बोलीत पंखा, आणि या दोघांना जोडणारा मधला लांब भाग. इंजिनची ताकद पंख्यापर्यंत नेणारा दांडा याच भागात असतो.

बोटीच्या मागच्या ज्या सपाट भिंतीवर मोटर अडकवतात, तिला ट्रान्सम म्हणतात. ट्रान्सम उंच असेल तर शाफ्ट लांब हवा, बुटका असेल तर आखूड. साधा हिशोब हाच आहे.

बाजारात कोणत्या लांबी मिळतात?

- शॉर्ट : १५ इंच, म्हणजे ३८१ मिलिमीटर. लहान होड्या आणि हवा भरायच्या छोट्या बोटींसाठी.
- लाँग : २० इंच, म्हणजे ५०८ मिलिमीटर. लहान आणि मध्यम आकाराच्या बहुतेक स्पीडबोटींना हीच लागते.
- एक्स्ट्रा लाँग : २५ इंच, म्हणजे ६३५ मिलिमीटर. खोल समुद्रात जाणाऱ्या, उंच ट्रान्समच्या मोठ्या बोटींसाठी.
- अल्ट्रा लाँग : ३० इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटर. मोठ्या बोटी आणि जास्त ताकदीच्या मोटरांसाठी.

हे आकडे ठोकळ आहेत. प्रत्यक्षात कंपनीनुसार थोडा फरक पडतो, म्हणून मोटरच्या माहितीपत्रकातला आकडा एकदा बघावाच.

बोट कशी मोजायची?

बोट जमिनीवर किंवा ट्रेलरवर असताना टेप घ्या. ट्रान्समच्या वरच्या कडेपासून, जिथे मोटर अडकणार त्याच जागेवरून, सरळ खाली बोटीच्या तळापर्यंत मोजा. एकच मोटर असेल तर ही जागा बरोबर मधोमध येते.

इथेच अनेकांची चूक होते. बाजूला मोजलं तर आकडा चुकतो, कारण मोटरसाठी ट्रान्समला मध्ये खाच दिलेली असू शकते. शिवाय 'व्ही' आकाराच्या बोटीचा तळ मध्ये सर्वांत खोल असतो. दोन मोटरा लावायच्या असतील, तर प्रत्येक मोटरच्या जागेवर वेगळं माप घ्या.

समजा माप २०.५ इंच आलं, तर २० इंची लाँग शाफ्ट योग्य. अर्ध्या-एक इंचाच्या फरकाने बिघडत नाही.

मोटर कशी मोजायची?

जुनी मोटर घेताना विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नका. ट्रान्समवर टेकणाऱ्या ब्रॅकेटच्या आतल्या वरच्या भागापासून पंख्याच्या अगदी वर असलेल्या आडव्या पट्टीपर्यंत मोजा. पंख्याच्या टोकापर्यंत मोजायचं नाही.

या पट्टीला अनेक जण 'कॅव्हिटेशन प्लेट' म्हणतात. तिचं खरं काम मात्र वरची हवा पंख्यापर्यंत पोहोचू न देणं हे आहे, म्हणून तिचं अचूक नाव अँटी-व्हेंटिलेशन प्लेट.

मॉडेलच्या नावातूनही लांबी कळते. यामाहा आणि सुझुकीच्या मोटरांवर 'एल' म्हणजे २० इंच आणि 'एक्स' म्हणजे २५ इंच. मर्क्युरी २५ इंचांसाठी 'एक्सएल' वापरते. तरीही जुन्या मोटरच्या बाबतीत अक्षरापेक्षा टेपवर विश्वास ठेवलेला बरा.

शाफ्ट आखूड पडला तर?

२० इंची ट्रान्समवर १५ इंची मोटर लावली, तर ती पट्टी तळापेक्षा ५ इंच वर राहते. पंखा पाण्याऐवजी हवा ओढू लागतो. इंजिनचे फेरे एकदम वाढतात, आवाज चढतो आणि बोटीचा वेग मात्र पडतो.

दुसरा धोका आणखी गंभीर आहे. इंजिन थंड ठेवणारं पाणी पंख्याजवळच्या छिद्रांतून आत जातं. ती छिद्रं वारंवार पाण्याबाहेर आली, तर इंजिन तापून बंद पडू शकतं. खडकांजवळ किंवा ओहोटीच्या ओढीत हे झालं, तर बोट सावरायला हाताशी काहीच उरत नाही.

आणि लांब झाला तर?

मोटर गरजेपेक्षा खोल राहते. पाण्याचा विरोध वाढतो, वेग कमी होतो, इंधन जास्त जळतं आणि मागे पाणी उडतं. खाडीत किंवा उथळ किनाऱ्यावर पंखा वाळूत रुतण्याची, खडकाला लागण्याची भीती वाढते.

तरीही दोन्हींपैकी थोडा लांब शाफ्ट परवडतो. तो बोल्टची छिद्रं बदलून किंवा जॅक प्लेट लावून वर उचलता येतो. आखूड मोटर खाली न्यायची तर ट्रान्समच कापावा लागतो. काही मॉडेलांना शाफ्ट वाढवण्याचे किट मिळतात, पण त्यात सुटे भाग आणि मजुरी दोन्हींचा खर्च येतो.

जास्त हॉर्सपॉवर म्हणजे जास्त लांब शाफ्ट?

नाही. लांबी ठरवतो तो ट्रान्सम. एकाच हॉर्सपॉवरची मोटर अनेकदा २० आणि २५ अशा दोन्ही इंचांत मिळते. म्हणून ऑर्डर देताना दोन्ही गोष्टी लिहून द्या.

बसवल्यावर शेवटची परीक्षा

सुरुवातीला ती आडवी पट्टी बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा किंचित वर ठेवतात. मग नेहमीइतकी माणसं बसवून बोट पाण्यात काढा. रिकाम्या बोटीची चाचणी फसवी असते, कारण माणसं पुढे बसली की मागची बाजू उचलली जाते.

बोट वेगात पाण्यावर उचलली गेली की पट्टी पाण्याच्या पृष्ठभागालगत दिसायला हवी. वळण घेताना इंजिन अचानक किंचाळलं, तर मोटर फार वर आहे. इंजिनमधून पडणारी पाण्याची बारीक धार सतत सुरू आहे का, हेही बघा. ती थांबली तर लगेच इंजिन बंद करा.

पावसाळ्यात कोकणातले वॉटर स्पोर्ट्स बंद असतात आणि बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. टेप लावून ट्रान्सम मोजायला याहून चांगली वेळ नाही.