लिनक्सच्या सिस्टीम फाईल चुकून डिलीट झाल्या तर काय करायचं?

भंडारा जिल्ह्यातल्या शहापूरमधल्या एखाद्या विद्यार्थ्याचा लॅपटॉप असो की पुण्यातल्या कंपनीचा सर्व्हर, लिनक्सवर ही चूक सगळीकडे सारखीच होते. रूट युजर म्हणून लॉगइन असताना 'आरएम' ही डिलीट करणारी कमांड चुकीच्या फोल्डरवर चालवली जाते. या कमांडला रिसायकल बिन नसतं. 'बिन', 'लिब', 'ईटीसी' हे फोल्डर गेले, की फाईलींची यादी दाखवणारी 'एलएस' कमांडसुद्धा चालत नाही.

मग कॉम्प्युटर लगेच बंद का पडत नाही?

युनिक्स पद्धतीच्या सिस्टीममध्ये डिलीट करणं म्हणजे फाईलचं नाव काढून टाकणं. एखाद्या प्रोग्रामने ती फाईल उघडलेली असेल, तर तो बंद होईपर्यंत तिचा डेटा डिस्कवर राहतो. म्हणून पहिला नियम: रीस्टार्ट करू नये आणि उघडं टर्मिनल बंद करू नये. पुन्हा सुरू होण्यासाठी लागणाऱ्या फाईलीच गेलेल्या असू शकतात.

मँचेस्टरचा किस्सा

इंग्लंडमधल्या मँचेस्टर विद्यापीठात असं घडलं होतं. मारिओ वॉल्चको यांनी १९८६ मध्ये तो अनुभव लिहिला. 'आरएम' मध्येच थांबवली, पण तोवर महत्त्वाचे फोल्डर गेले होते. ईमॅक्स हा एडिटर मात्र सुरू होता. त्याच्याच मदतीने एक छोटा प्रोग्राम टाईप करून, पुढे नेटवर्कवरून फाईली आणून सिस्टीम उभी केली गेली.

आज काय करायचं?

१. टर्मिनल सुरू असेल, तर 'सीडी' आणि 'एको' या शेलच्या आतल्या कमांड चालतात. 'एको' पुढे तारांकन दिलं, की फोल्डरमधल्या फाईलींची नावं दिसतात.

२. दुसऱ्या कॉम्प्युटरवर लाईव्ह पेनड्राईव्ह बनवून त्यावरून लॅपटॉप सुरू करावा.

३. सगळ्यात आधी 'होम' फोल्डरमधले फोटो, प्रोजेक्ट, कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर कॉपी करावीत.

४. मग बॅकअपमधून सिस्टीम परत आणावी. बॅकअप नसेल आणि नुकसान थोडं असेल, तर गेलेली पॅकेजेस पुन्हा टाकावीत. जास्त असेल, तर नव्याने इन्स्टॉल करणं सोपं पडतं.

क्रम महत्त्वाचा आहे. सिस्टीमच्या फाईली कुठूनही पुन्हा डाउनलोड होतात. स्वतःच्या फाईली तशा मिळत नाहीत, आणि घाईत त्याच डिस्कवर नवं इन्स्टॉलेशन केलं तर वाचलेल्याही जातात.

कमांड स्वतः अडवत नाही का?

थोडंफार अडवते. लिनक्सवरची 'आरएम' २००६ पासून नुसत्या 'स्लॅश'वर, म्हणजे संपूर्ण सिस्टीमवर, चालायला नकार देते. पण स्लॅशपुढे तारांकन आलं, की शेल प्रत्येक फोल्डरचं नाव वेगवेगळं पुरवतं आणि हे संरक्षण लागू होत नाही. त्यामुळे रूट म्हणून एंटर दाबण्याआधी ओळ पुन्हा वाचणं आणि बॅकअप वेगळ्या डिस्कवर ठेवणं, हाच खरा उपाय.