जुन्या मोटारीची पारख



या मालेत आजवर ताम्रपट, किल्ले, संतकवी यांच्यावर व्याख्याने झाली. मी मोटारीवर बोलणार असे कळल्यावर एका मित्राने मला विचारले, “हा विषय इतिहासाचा की गॅरेजचा?” तो दोहोंचाही आहे, असे मला वाटते. कारण अस्सल कोणते आणि बनावट कोणते हा प्रश्न ताम्रपटाच्या बाबतीत जसा पडतो तसाच तो जुन्या मोटारीच्या बाबतीतही पडतो, आणि उत्तर शोधण्याची रीतही पुष्कळशी तीच आहे.

मला हा विषय सुचला तो लातूर जिल्ह्यातील एका वाड्यात. वाड्याच्या मागील पडवीत एक मोटार उभी होती. अमेरिकन बनावटीची, उघडी, पुढे दोन बैठका आणि मागे काहीच नाही. मालक म्हणाले, “ही निजामाच्या शहाजाद्याची रेसची मोटार.” आपल्याकडे जुनी विहीर दिसली की ती पांडवांची आणि जुनी मोटार दिसली की ती निजामाची, हे ठरलेलेच आहे. एक रंगारी बॉनेटला लाल रंग देत होता. अर्धी मोटार लाल झाली होती, अर्धी अजून जुन्या, विटक्या हिरव्या रंगात होती. कोणी व्यापारी ती मोठ्या किमतीस घेण्याचे बोलून गेला होता, आणि ती किती मोलाची आहे हे मी सांगावे अशी मालकांची इच्छा होती.

मोल सांगण्यापूर्वी ही मोटार कोणती, हे ठरवावयास हवे. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात नागसेन भिक्षू मिलिंद राजाला, तो ज्या रथातून आला त्या रथाविषयीच विचारतो, की रथ म्हणजे आस काय, चाके काय, जू काय? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. मग रथ कोठे आहे? ग्रंथाचा रोख आत्म्याच्या प्रश्नाकडे आहे. पण जुन्या मोटारीपुढे उभे राहिले की नागसेनाचा प्रश्न अक्षरशः खरा होतो. चाके बदललेली, यंत्र बदललेले, गाद्या नव्या, रंग नवा. आता मूळ मोटार कोणती?

प्रथम शब्दांचा घोळ मिटवू. जुनी म्हणजे ‘व्हिंटेज’ नव्हे. इंग्लंडात १९३४ साली जुन्या शर्यती मोटारींच्या शौकिनांनी जो क्लब काढला, त्याने ३१ डिसेंबर १९३० पर्यंत बनलेल्या मोटारींनाच हे नाव दिले. त्यानंतरच्या मंदीच्या काळात कारखानदार मोटार स्वस्त करण्याच्या नादी लागून हातची कारागिरी सोडू लागले, असे त्या मंडळींचे मत होते. मत वादग्रस्त असेल, पण तारीख रूढ झाली.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. त्या काळच्या उंची मोटारींचा कारखाना बहुधा पुरी मोटार विकीतच नसे. तो सांगाडा, यंत्र आणि चाके देई. वरचे अंग बग्ग्या बनविणाऱ्या कारागिरांकडून गिऱ्हाइकाने आपल्या आवडीप्रमाणे चढवून घ्यावयाचे. इंदूरचे यशवंतराव होळकर यांची १९३६च्या सुमाराची ड्यूसेनबर्ग हे याचे ठळक उदाहरण. सांगाडा व यंत्र अमेरिकेतले, अंग लंडनच्या गर्नी नटिंग या कारखान्याचे, दोघांपुरती बैठक आणि रंग केशरी व काळा. या जातीचे सांगाडे साऱ्या जगात मिळून सुमारे ४८०च बनले. ही मोटार पुढे हिंदुस्थानाबाहेर गेली. तेव्हा ‘मूळ’ हा शब्द येथे दोनदा तपासावा लागतो: सांगाडा मूळचा आहे काय, आणि त्यावरचे अंग त्याच सांगाड्यासाठी बनलेले आहे काय?

येथेच लबाडीला वाव मिळतो. पुष्कळ जुन्या बेंटली मोटारी मुळात चारपाच माणसांच्या, बंद टपाच्या होत्या. शर्यती मोटारीला गिऱ्हाईक अधिक म्हणून त्यांचे टप उतरवून, मागचा भाग कापून, वर शर्यतीचे अंग चढविण्यात आले. जो हे सांगून विकतो त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. जो न सांगता विकतो, तो मात्र बनावट ताम्रपट करणाऱ्याचा धंदा करतो.

बनावट ताम्रपट कसा ओळखतात? राजाचे नाव, शक, दान दिलेले गाव हे सारे जुळविता येते. पण अक्षरांचे वळण फसविते. आपल्या कंधारचा राष्ट्रकूट शिलालेख ज्यांनी पाहिला असेल, त्यांना एवढे सांगणे पुरे की त्या वळणाची अक्षरे तीनशे वर्षांनंतरच्या लेखात दिसली तर जाणता माणूस तेथेच थांबेल. मोटारीतही अशी अक्षरे असतात. स्क्रूचेच पाहा. ज्याच्या माथ्यावर फुलीचा खाचा असतो तो स्क्रू अमेरिकेतील मोटारधंद्यात १९३६च्या सुमारास शिरला. १९२५च्या म्हणविणाऱ्या मोटारीच्या दारात तो बसलेला दिसला तर ते दार नंतर कधीतरी उघडले आहे एवढे निश्चित. इंग्रजी बनावटीच्या जुन्या बोल्टांचे आटे व्हिटवर्थच्या पद्धतीचे, म्हणजे ५५ अंशांचे. मीटर पद्धतीचे ६० अंशांचे. आमचे मिस्त्री पाना लावताच सांगतात, “साहेब, हा बोल्ट हिचा नव्हे.” रंगाचेही तसेच. पूर्वी रोगणाचे हात ब्रशाने देत, वाळवीत आणि घाशीत आठवडेच्या आठवडे जात. फवाऱ्याने उडवावयाचा, झटपट वाळणारा रंग अमेरिकेत १९२३-२४च्या सुमारास प्रचारात आला. बिजागरीखाली किंवा पायफळीच्या उलट बाजूस, जेथे रंगाऱ्याचा हात पोचत नाही, तेथे हे थर एकावर एक सापडतात. मोटारीची बखर तीच.

यानंतर नंबर. सांगाड्यावर एक, यंत्रावर एक, आणि अंग बनविणाऱ्याची पितळी पट्टी निराळी. हे नंबर कारखान्याच्या नोंदवहीशी ताडून पाहावयाचे. रोल्स-रॉइसच्या सांगाड्यांची कागदपत्रे इंग्लंडात त्या मोटारींच्या शौकिनांच्या संघाने जपून ठेवली आहेत. पितळी पट्टी नवी करता येते, नंबर पुन्हा ठोकता येतो. म्हणून ठोकलेल्या आकड्यांपेक्षा त्यांच्या भोवतालचे लोखंड पाहावे. तेथे कानस फिरली असेल तर ती लपत नाही.

पण सगळे पुरावे गोळा झाले तरी निवाडा सोपा नसतो, हे लंडनच्या एका खटल्याने दाखवून दिले. ‘ओल्ड नंबर वन’ या नावाची बेंटली मोटार १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत पहिली आली. पुढे शर्यतीसाठी तिचे यंत्र बदलले, सांगाडा बदलला. १९३२ साली ब्रुकलँड्स येथे ती उलटून तिचा चालक क्लाइव्ह डनफी ठार झाला, आणि मग तिला पुन्हा नवे अंग मिळाले. अशी ही मोटार एक कोटी पौंडांना विकण्याचा करार झाला. घेणाऱ्यांनी मागाहून हरकत घेतली, की १९२९च्या मोटारीचे हिच्यात उरले आहे काय? १९९० साली न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल दिला. शर्यत जिंकणाऱ्या मोटारीचे लोखंड हिच्यात फारच थोडे आहे हे त्यांनी मान्य केले. परंतु ही मोटार मोडून संपली व दुसरी नव्याने जन्मली असा क्षण तिच्या आयुष्यात कोठेही दाखविता येत नाही, एकाच मोटारीचे एकामागून एक पालट होत गेले, म्हणून ‘ओल्ड नंबर वन’ हे नाव सांगण्याचा हिचा अधिकार खरा आहे, असा त्यांच्या निर्णयाचा आशय होता. कराराप्रमाणे मोटार घेणे भाग पडले. नागसेनाने या निकालावर मान डोलाविली असती, असे मला वाटते.

या निकालातील मर्म असे, की न्यायालयाने लोखंड वजन करून पाहिले नाही. अखंड, दाखविता येण्याजोगा इतिहास पाहिला. बाजारही शेवटी तेच पाहतो. फोर्डची ‘मॉडेल टी’ दीड कोटी बनली. ती कितीही जुनी झाली तरी दुर्मिळ नव्हे. उलट १९५५ सालच्या मर्सिडीझच्या एका मोटारीला २०२२च्या मे महिन्यात साडेतेरा कोटी युरो आले. तशा दोनच बनल्या होत्या आणि दोन्ही जन्मापासून कारखान्याच्याच ताब्यात होत्या. ती कोणाची, कोठे होती, कोणी हात लावला, यात एका दिवसाचीही फट नव्हती.

आता आपल्या प्रांताकडे वळू. १९०८ साली मुंबई-कोल्हापूर मार्गावर मोटारींच्या कसोटीची स्पर्धा झाली, तीत रोल्स-रॉइसने घाट चढून नाव मिळविले आणि ती मोटार ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी घेतली. आपण मराठवाड्याचे लोक १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतो, म्हणून खऱ्या निजामाच्या मोटारीचीही ओळख करून घेतली पाहिजे. सहावे निजाम महबूब अली खान यांनी मागविलेली पिवळ्या रंगाची, मागे सिंहासनासारखी उंच बैठक असलेली रोल्स-रॉइस ते १९११च्या ऑगस्टात वारल्यावर हैदराबादला पोचली. अंग बार्कर या कारखान्याचे. समारंभापुरतीच बाहेर निघाल्याने ती फार थोडी धावली, पुढे दीर्घ काळ नुसती पडून राहिली, आणि अलीकडे दुरुस्त होऊन चौमहल्ला राजवाड्यात लोकांना पाहावयास मिळते. कोल्हापूरची मेबॅक मोटार दसऱ्याला छत्रपतींच्या घराण्यास घेऊन चौकात येते. माझी आवड विचाराल तर कोल्हापूरची. काचेआड उभी असलेली मोटार वस्तू होते. वर्षातून एकदा का होईना, आपल्या कामास निघणारी मोटार मोटारच राहते.

सरकारनेही हा प्रश्न हाती घेतला आहे. संस्थानिकांचे तनखे १९७१ साली बंद झाले. त्याच्या आगेमागे राजवाड्यांतील कितीतरी मोटारी मातीमोलाने परदेशी गेल्या. पुढे १९५० पूर्वीच्या मोटारी देशाबाहेर नेण्यावर निर्बंध आले. २०२१च्या जुलैत केंद्राने जुन्या मोटारींच्या नोंदणीचे वेगळे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली, मोठा फेरफार न झालेली मोटार असेल तर तिला ‘व्ही ए’ अक्षरांचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीस वीस हजार रुपये पडतात. ‘मूळ रूप’ हे दोन शब्द कायद्यात आले, हे चांगले झाले. पण ते रूप दाखवावयाचे कशाने? कागदांनी. आणि येथे आपल्या भागाचे एक खास दुखणे आहे.

त्या वाड्यातील मोटारीखाली मी सतरंजी टाकून शिरलो. सांगाड्याच्या मागील बाजूस बोल्टांची भोके ओळीने होती, म्हणजे तेथे एके काळी मागची बैठक होती. कापलेल्या पत्र्याची कड करवतीची होती, कारखान्याची नव्हे. ही शर्यतीची मोटार नव्हती. पाच माणसांच्या साध्या मोटारीचा मागचा भाग कोणीतरी कापला होता. हे मी सांगितले तेव्हा मालकांचा चेहरा उतरला. मी जुने कागद विचारले. ते म्हणाले, “एक पेटी आहे, पण सगळे उर्दूत. कोण वाचणार? रद्दीत द्यायचे ठरले आहे.”

निजामी राज्याचा कारभार उर्दूत चाले आणि तारखा फसली सनाच्या. आपल्या आजोबांचे खरेदीखत, परवाना ज्या लिपीत आहे ती नातवाला येत नाही, म्हणून घरोघरच्या पेट्या रिकाम्या होत आहेत. मी वरचा एक कागद मागून घेतला आणि नांदेडच्या एका वृद्ध शिक्षकांकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसला आणि वाचले. १३५२ फसली, म्हणजे १९४२-४३; युद्धाचा, पेट्रोलच्या रेशनिंगचा काळ. एका जिनिंग कारखान्याच्या मोटारीला सरकी व कापसाचे नमुने वाहून नेण्याचा परवाना होता. मोटारीचा नंबर सांगाड्यावरच्या नंबराशी जुळत होता. मागची बैठक कापली ती शहाजाद्याच्या वेगासाठी नव्हे, सरकीच्या पोत्यांसाठी.

मालकांना मी हे फोनवर कळविले. त्यांनी विचारले, “मग किंमत कमी झाली ना?” व्यापाऱ्याच्या हिशेबाने झाली, हे मी नाकारले नाही. परंतु निजामाची म्हणविणारी मोटार तालुक्यागणिक एक आहे. युद्धकाळात कापसाच्या बाजारपेठेत राबलेली, आपल्या परवान्यासह हजर असलेली मोटार मी तरी दुसरी पाहिलेली नाही. मागचा भाग पुन्हा बसवू काय, असे त्यांनी पुढे विचारले. मी म्हटले, कापलेली कड जशी आहे तशी राहू द्या, आणि रंगाऱ्याला थांबवा.

रंगारी थांबला आहे. मोटार अजून अर्धी लाल, अर्धी हिरवी आहे, आणि पेटीतील अकरा कागद वाचावयाचे राहिले आहेत.