शूल्य : ताटातले मांस आणि कोशातला शब्द

'सीख कबाब हे बाहेरून आलेले खाणे' असे आम्हाला नेहमी ऐकवले जाते. हे शब्द फारसी-अरबी आहेत, खरे. पण सळईवर भाजलेल्या मांसाला संस्कृतात स्वतःचा शब्द आहे : शूल्य. शूल म्हणजे अणकुचीदार सळई. मराठीतला सूळ तोच. शूलावर भाजलेले ते शूल्य, हा शब्द घडवण्याचा नियमच पाणिनीच्या अष्टाध्यायीत आहे. कालिदासाच्या शाकुंतलातला ब्राह्मण विदूषक अवेळी शूल्यमांस खावे लागते म्हणून कुरकुरतो. पण विटाळाची भाषा करीत नाही. आश्वलायन गृह्यसूत्रात तर रुद्राला बैल बळी देण्याच्या विधीचे नावच शूलगव!

ब्राह्मणही गोमांस खात, पुढे त्यांनी ते सोडले आणि ज्यांचे सुटले नाही ते अस्पृश्य ठरवले गेले, असे बाबासाहेबांनी 'द अनटचेबल्स' (१९४८) मध्ये मांडले.

म्हणजे प्रश्न मांसाचा नाही, खाणाऱ्याच्या जातीचा आहे. राजाच्या मुक्कामावरचे शूल्य कोशात गेले. आमच्या आज्यांनी वाळवून निखाऱ्यावर भाजलेल्या चान्या मात्र हिणवण्याचा विषय झाल्या. मित्रांनो, ताटावरून कुणी हिणवले तर मान खाली घालू नका. त्यांचाच कोश उघडून दाखवा.