मोडीतलं इंजिन आणि मिस्त्रीचा हात



गेल्या मंगळवारी भंगारवाला टेम्पो घेऊन वस्तीवर आला. विहिरीवरच्या पत्र्याच्या खोलीत आमचं जुनं ऑइल इंजिन पडून आहे. दहा वर्षं झाली, त्याला कुणी हँडल मारलेलं नाही. त्यानं दारातूनच बघितलं आणि म्हणाला, "दादा, तीनशे किलोच्या पुढं भरंल. आत्ता काटा लावतो, रोख पैसे देतो." पोरगं म्हणालं, "आबा, देऊन टाका, जागा तरी मोकळी होईल." मी म्हणालो, आठ दिवस थांब.

बुधवारी मिस्त्रीकडं गेलो. पंचक्रोशीतली निम्मी इंजिनं ह्या माणसाच्या हाताखालून गेलीत. आता सत्तरी ओलांडली, एका डोळ्याला कमी दिसतं. बघतो तर समोर इंजिन नाही, बंगल्यापुढची हिरवळ कापायचं यंत्र उलटं करून ठेवलेलं. शहरातल्या कुठल्या तरी बंगल्यानं मोडीत काढलेली अशी दोन यंत्रं त्यांनी किलोच्या भावानं उचलली होती. एकाचं कार्बोरेटर कचऱ्यानं तुंबलेलं, दुसऱ्याची नुसती दोरी तुटलेली. पाती घासून, प्लग बदलून एक यंत्र रोपवाटिकेवाल्याला विकलं पण. मला म्हणाले, "लोकं दोरी तुटली म्हणून यंत्र टाकत्यात. आपल्याकडं असं कोण टाकत होतं?"

त्या प्रश्नानं डोक्यात घर केलं. म्हणून आज पीकपाण्याची नोंद बाजूला ठेवून जुन्या इंजिनाचा इतिहास लिहितोय. लांबला तर सांभाळून घ्या.

मजा अशी की ते गवत कापायचं यंत्र आणि आपलं विहिरीवरचं इंजिन एकाच मुलखातले निघाले. इंग्लंडात ग्लॉस्टरशायर नावाचा परगणा आहे, लोकरीच्या कापडाच्या गिरण्यांचा. तिथं एडविन बडिंग नावाचा कारागीर होता. कापडावरची लव कातरायचं यंत्र गिरणीत बघून त्याच्या डोक्यात आलं, हेच चाक जमिनीवरनं फिरवलं तर गवत का कापणार नाही? १८३० मध्ये त्यानं हिरवळ कापायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. पुढं तो जवळच्याच डर्स्ली गावात गेला, तिथं जॉर्ज लिस्टर नावाच्या कारखानदाराबरोबर लोकर विंचरायच्या यंत्रावर काम केलं आणि १८४६ मध्ये वारला. ह्याच जॉर्ज लिस्टरचा मुलगा रॉबर्ट. त्यानं १८६७ मध्ये डर्स्लीत स्वतःचा कारखाना काढला. त्या कारखान्यात १९३० च्या आसपास जे डिझेल इंजिन तयार झालं, त्याचीच भावंडं आपल्या विहिरींवर साठ-सत्तर वर्षं धडधडली.

डिझेल हे नाव माणसाचं, हे बऱ्याच पोरांना माहीत नसतं. रुडॉल्फ डिझेल हा जर्मन इंजिनिअर. त्याचं इंजिन १८९७ मध्ये नीट चाललं. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्याच्या पद्धतीचं एक इंजिन चक्क भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. आपण भुईमूग काढून घाण्याला घालतो, त्या तेलावर!

लिस्टरचं इंजिन म्हणजे एक सिलिंडर उभा आणि दोन्ही बाजूला दोन मोठी बिडाची चाकं. पाच हॉर्सपॉवरचं इंजिन मिनिटाला ६०० फेरे फिरायचं, सहाचं ६५०. सिलिंडरचं तोंड साडेचार इंच, पिस्टनची चाल साडेपाच इंच. वजन तीनशे किलोच्या वर. बघणाऱ्याला वाटायचं, पाच घोड्यांसाठी एवढं बीड कशाला? पण तेच तर त्याचं आयुष्य. हळू फिरतं म्हणून झीज कमी. जाड आहे म्हणून लायनर बदला, क्रँक घासा, पुन्हा उभं. आणि सगळे भाग पान्यानं खोलणारे.

आपल्या देशात ह्या ठेवणीची इंजिनं पुढं ठिकठिकाणी बनू लागली. गुजरातेतलं राजकोट तर त्यासाठी नावाजलं. इंग्लंडात हे इंजिन बनायचं थांबलं, तरी राजकोटच्या फौंड्र्यांत त्याच ठेवणीचं बीड ओतलं जात होतं.

आपल्या भागाचा वाटा वेगळा. सातारा रोडला धनजीशा कूपर यांचा कारखाना नांगरांपासून सुरू झाला आणि १९३० च्या दशकात तिथं डिझेल इंजिन बनलं. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे मुख्य मंत्री होते. आमच्या अंगणातलं किर्लोस्करवाडी तर १९१० सालचं. औंधच्या पंतप्रतिनिधींनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडल रोड स्टेशनाजवळ माळरान दिलं, तिथं कारखाना उभा राहिला. सुरुवातीला लोखंडी नांगराला गिऱ्हाईक मिळेना. आमच्याकडं जुनी माणसं सांगायची की पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना तेव्हा शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरच्या निकामी तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर झाले. म्हणजे मोडीतनं शेतीचं अवजार करायची रीत इथं जुनीच. पुढं १९४६ मध्ये पुण्यात खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स निघाली. त्यांचं पाच हॉर्सपॉवरचं एव्ही-वन, ८० मिलिमीटर तोंडाचं, १५०० फेऱ्यांचं, अजून इंजिनिअरिंग कॉलेजांच्या प्रयोगशाळेत दिसतं. करंजाच्या तेलावर इंजिन चालतं का, ह्याचे प्रयोग पोरं त्याच्यावरच करतात.

हा झाला कारखान्यांचा इतिहास. तो पुस्तकात मिळतो. मला सांगायचं आहे ते ह्याच्या पुढचं. लहान शेतकऱ्यानं नवीन इंजिन घेतलंच नाही. त्याच्याकडं आलं ते दुसऱ्याच्या नाहीतर तिसऱ्याच्या हातचं.

कसं ते बघा. आधी विहिरीवर मोट होती. धाव, नाडा, सोंदूर, थारोळं हे शब्द आता पोरांना माहीत नाहीत. मोटेला दोन-चार बैल आणि एक गडी दिवसभर अडकायचा, आणि पाणी खोल गेलं की मोट हरायची. नवीन इंजिन घेतलं ते नदीकाठच्या बागायतदारानं, सोसायटीचं कर्ज काढून. मग १९६० मध्ये वीज मंडळ स्थापन झालं, कोयनेची वीज तयार होऊ लागली, आणि नदीकाठाकडनं तारा गावागावात आल्या. तारा आल्या की बागायतदार मोटर बसवायचा. मोटरला हँडल मारायला लागत नाही, डिझेलचा डबा आणायला लागत नाही. मग इंजिन जायचं गोठ्याच्या कोपऱ्यात.

तिथनं ते मिस्त्री उचलायचा. दुरुस्त करायचा आणि जिथं अजून तारा नाहीत तिथं विकायचा. नदीकाठचं इंजिन आधी पलीकडच्या गावात, तिथं वीज आली की वर माळावर, मग खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यात. वीज जसजशी पुढं सरकली, तसतसं इंजिन तिच्या एक पाऊल पुढं चालत राहिलं. कुणाच्या विहिरीवरनं सुटलं तर रसाच्या चरख्याला, पिठाच्या गिरणीला, मळणीला लागायचं. कारखान्यानं ते एकदा विकलं, मिस्त्रीनं चार वेळा. कोरडवाहू माणसाला पहिलं पाणी मिळालं ते ह्या चौथ्या विक्रीतनं.

आमचं इंजिन असंच आलं. १९७२ चा दुष्काळ संपल्यावर आण्णांनी विहीर दोन परस खोल केली. मोट पुरेना, आणि आमच्या वस्तीवर वीज यायला अजून बारा वर्षं होती. आण्णांनी एक खोंड विकला आणि ह्याच मिस्त्रीच्या वडिलांकडनं राजकोटच्या बनावटीचं, नावाची पाटी पडलेलं इंजिन घेतलं. बैलगाडीतनं आणलं. मी तेव्हा लहान. पहिल्यांदा पाणी पाटात पडलं तेव्हा आईनं चाकाला हळदकुंकू लावलेलं आठवतं. पुढं आमची सगळी भावंडं शिकली ती त्या पाण्यावरच्या भाजीपाल्यावर.

जुनं इंजिन घेताना मिस्त्रीच्या वडिलांनी आण्णांना जे शिकवलं, ते आण्णांनी मला शिकवलं. ते इथं लिहून ठेवतो, कारण हे कुठं छापलेलं बघितलं नाही. अजून कुणी जुनं यंत्र घेत असेल तर उपयोगी पडेल.

पहिलं, सकाळी लवकर जायचं आणि आधी हेडला हात लावायचा. गरम लागलं तर समजायचं, मालकानं तुम्ही यायच्या आधी चालू करून ठेवलंय. गार इंजिन उठतं का, तीच परीक्षा.

दुसरं, डिकंप्रेशनची खिटी पाडून चाक हातानं सावकाश फिरवायचं. दाबावर आलं की चाक उलटं ढकललं पाहिजे. मऊ मऊ पुढं गेलं तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह गेले.

तिसरं, तेल बोटावर घेऊन बघायचं. काकवीसारखं घट्ट असेल तर धूर आणि आवाज लपवायला मुद्दाम घातलंय. दुधाळ असेल तर आत पाणी उतरतंय.

चौथं, चाक दोन्ही हातांनी वर उचलायचं. खाली-वर हललं तर बेअरिंगचा खर्च धरूनच भाव करायचा.

पाचवं, नवा रंग दिसला की नखानं खरवडायचं. पाण्याविना तापलेल्या इंजिनावर घाईनं गार पाणी ओतलं की बीड तडकतं, आणि तडा वेल्डिंग करून रंगाखाली झाकतात.

शेवटचं, पट्टा चढवून पंप तासभर चालवायचा. मोकळं तर कुठलंही इंजिन चालतं. ओझ्यावर निळा धूर म्हणजे तेल जळतंय, काळा म्हणजे नोझल बिघडलंय नाहीतर ओझं जास्त झालंय. पांढरा धूर तापल्यावरही थांबेना तर डिझेल नीट जळत नाही किंवा पाणी आत जातंय.

आमच्याकडं १९८० च्या दशकात मोटर आली आणि इंजिन कोपऱ्यात गेलं. पण आण्णांनी विकलं नाही. २००५ च्या आसपास भारनियमन सुरू झालं, तेव्हा त्यांचं शहाणपण कळलं. मोटरा गप्प, पिकं सुकायला लागली, आणि गावात ज्यांनी इंजिन मोडीत घातलं नव्हतं ते राजे झाले. त्या उन्हाळ्यात मिस्त्रीच्या दारात रात्री अकरापर्यंत बैलगाड्या आणि ट्रॅक्टर उभे असायचे.

आता काळ बदलला. आटपाडीच्या माळावर टेंभूचं पाणी पोचलं, शेतात सौर पंप बसायला लागले. त्याचं मला वाईट वाटत नाही. हँडल मारताना मनगट मोडलेली माणसं मी बघितलीत, डिझेलच्या धुरात आण्णांचा खोकला वाढलेला बघितलाय. जुनं ते सगळं सोनं, असं मी म्हणणार नाही.

वाईट वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. मागच्या वर्षी घेतलेला माझा गवत कापायचा ब्रश कटर एका हंगामात बंद पडला. दुकानदार म्हणाला, "दुरुस्तीपेक्षा नवा घ्या." तोच ब्रश कटर मिस्त्रीनं अर्ध्या तासात चालू केला, पाइप कडक होऊन चिरला होता, तेवढाच. इंजिन गेलं तर जाऊ दे. पण बिघाड शोधणारा हात गेला, तर दुकानदार सांगेल तेच खरं धरून आपण दर दोन वर्षांनी नवीन घेत बसू.

आता आमच्या इंजिनाचं काय झालं ते सांगतो. आठ दिवस संपायच्या आत ते मिस्त्रीच्या दारात नेऊन उतरवलं. अट एकच घातली, हात मिस्त्रीनं लावायचा नाही, नुसतं सांगायचं. खोलणार मी आणि माझं पोरगं. पिस्टन अडकला होता, चार दिवस डिझेल घालून ठेवलं तेव्हा सुटला. रिंगा, नोझल, पाण्याची रबरं नवीन घातली, व्हॉल्व्ह घासले. काल संध्याकाळी पोरानं हँडल मारलं. दोन वेळा फुसकं गेलं. तिसऱ्यांदा खिटी पाडली आणि टक... टक... टक करत उठलं. मिस्त्रीनं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "टायमिंग जरा पुढं हाय. उद्या बघ, तूच बघ."

रसवंतीवाला एक तरुण बघून गेलाय. भंगारापेक्षा बरा भाव देतोय. देणार आहे मी. चालतं इंजिन खोलीत ठेवून पूजा करण्यापेक्षा कुणाच्या तरी पोटाला लागलेलं बरं. पोरगं मात्र काल जेवताना म्हणालं, "आबा, नदीकाठच्या वस्तीवर अजून एक पडलंय म्हणं. बघून येऊ का?"

तुमच्याकडं असं इंजिन असेल तर काट्यावर चढवण्याआधी गावातल्या जुन्या मिस्त्रीला एकदा दाखवा. आणि जाताना घरातलं एखादं पोरगं बरोबर न्या.

उद्यापासून परत हळदीच्या नोंदी. राम राम.