कुत्र्याचे कागद

कुणी घरी पिल्लू आणलं की एक प्रश्न हमखास येतो, "कागद आहेत का?" कागद म्हणजे केनेल क्लबचं सर्टिफिकेट. पिल्लू समोर उड्या मारत असतं, पण ते खरं लॅब्रेडॉर आहे की नाही हे कागद ठरवणार! ही रीत मूळची इंग्लंडातली.

१८५९ साली न्यूकॅसलला पॉइंटर आणि सेटर या शिकारी कुत्र्यांचं प्रदर्शन भरलं. साठेक कुत्रे आले होते. मग अशी प्रदर्शनं गावोगावी भरू लागली आणि घोळही वाढले. एकाच नावाचे अनेक कुत्रे, कोण कुणाचं पिल्लू याचा पत्ता नाही. शेवटी ४ एप्रिल १८७३ ला शर्ली नावाच्या खासदाराने लंडनमध्ये डझनभर गृहस्थ जमवून 'केनेल क्लब' काढला. १८७४ मध्ये वंशावळींची पहिली वही छापली गेली, तिच्यात ४,०२७ कुत्रे होते. १८८० पासून रीतसर नावनोंदणी सुरू झाली. फसवाफसवीला आळा बसला. प्रदर्शनासाठी कुत्र्यांचे कान कापण्याची क्रूर पद्धतही क्लबनेच १८९० च्या दशकात बंद पाडली. हे सगळं चांगलंच झालं.

पण वहीचा नियम हळूहळू घट्ट होत गेला. आईबाप वहीत असतील तरच पिल्लू वहीत. म्हणजे नवं रक्त येण्याचा रस्ताच बंद.

याची किंमत डाल्मेशियनने मोजली. या ठिपकेवाल्या कुत्र्यांत एक आनुवंशिक दोष आहे. लघवीत युरिक ॲसिड फार जातं, खडे होतात, नरांची तर लघवीच अडते. दोष वहीतल्या प्रत्येक डाल्मेशियनमध्ये होता, त्यामुळे वहीच्या आत उपाय सापडणं शक्यच नव्हतं! १९७३ साली शायबल या अमेरिकन शास्त्रज्ञाने एकदाच पॉइंटरशी संकर केला आणि पुढे दर पिढीला डाल्मेशियनच वापरला. दिसायला पिल्लं ठिपकेवालीच, पण तो दोष गेलेला. १९८१ मध्ये अमेरिकन केनेल क्लबने त्यातल्या दोघांची नोंद केली. त्यावर डाल्मेशियनवाल्यांनीच ओरड केली, हे शुद्ध नाहीत म्हणून. नोंदणी थांबली. ब्रिटनच्या क्लबने अशी पहिली कुत्री २०१० मध्ये स्वीकारली, अमेरिकेने २०११ मध्ये दार उघडलं. मधली तीस वर्षं औषध हातात होतं आणि कुत्रे खड्यांनी तळमळत होते.

मला यात क्लबपेक्षा आपण माणसंच जास्त दिसतो. वही केली होती कुत्र्यांच्या सोयीसाठी, पण वहीतलं नाव स्वच्छ ठेवायचं म्हणून आपण कुत्र्याचं दुखणं चालवून घेतलं. कुळाचा अभिमान माणसात काय करतो ते आपल्याला नवीन नाही. तोच आपण कुत्र्याच्या गळ्यात बांधला, इतकंच.

असो. पिल्लू घेताना कागद जरूर बघा. त्यावरून बाप कोण ते कळतं. पण त्या बापाला काय काय दुखणी होती, हेही विचारा.