चाकांवरची पागा

ॲरिझोनातील फिनिक्स शहराच्या कडेला, जेथे वसती विरळ होत होत वाळवंट सुरू होते, तेथल्या एका विक्रेत्याच्या विस्तीर्ण आवारात मी माझ्या पुतण्यासमवेत लागोपाठ तीन शनिवार हिंडलो, आणि त्या हिंडण्यात एका क्षुल्लक वाटणाऱ्या इंग्रजी शब्दाने मला असे धरले की परत आल्यावरही कित्येक महिने त्याने माझी पाठ सोडली नाही. पुतण्याला 'टॉय हॉलर' घ्यावयाचे होते. जड ट्रकच्या मागे जोडून ओढावयाचे हे घर आहे. पुढच्या अंगाला शय्या, स्वयंपाकाचा ओटा व न्हाणीघर, आणि मागच्या अंगाला मोकळी जागा, जिची पाठची भिंतच बिजागऱ्यांवर खाली उतरून उतार बनते व त्यावरून मोटारसायकली किंवा वाळूत धावणाऱ्या चारचाकी गाड्या आत चढवितात. व्यवसायाच्या दप्तरी याचे नाव 'स्पोर्ट युटिलिटी आर.व्ही.' असे भारदस्त नोंदलेले आहे. परंतु विकणारा, घेणारा आणि दुरुस्त करणारा यांपैकी कोणाच्याही तोंडी मी ते ऐकले नाही.

"काका, ही फीत तिकडे धरा," असे म्हणत पुतण्याने पहिल्या दिवशी मोजमापास आरंभ केला, आणि त्याच क्षणापासून आमच्या निराशेसही. त्याची गाडी रुंदीला 64 इंच व लांबीला दहा फुटांच्या आसपास. पत्रकात गॅरेज तेरा फूट लिहिलेले, आणि ते तेरा फूट खरेही. परंतु ते उताराच्या दारापासून थेट ओट्याच्या कडेपर्यंत मोजलेले, मधला सोफा भिंतीशी घडी करून ठेवलेला असेल तरच हाती येणारे. दुसऱ्या एका नमुन्यात बाजूची खोली बाहेर सरकविता येत असे, ज्यामुळे मुक्कामी ऐसपैस वाटे. पण प्रवासात ती आत ओढली की मधली वाट बुजून जाई, शीतकपाटाचे दार उघडत नसे, आणि न्हाणीघराशी पोहोचण्यासाठी रस्त्याकडेला थांबून सारी खोली पुन्हा बाहेर काढावी लागे. तिसऱ्यात शय्या विजेच्या यंत्राने छतापर्यंत उचललेली आणि तिच्याखाली गाडी उभी करावयाची योजना; म्हणजे मध्यरात्री पावसात मुक्कामाला पोहोचलेल्या माणसाने आधी गाडी खाली उतरवावी आणि मग पाठ टेकावी. परंतु या सर्वांहून जो दोष पुतण्याच्या पत्नीच्या मनाला लागला तो असा की, बहुतेक नमुन्यांत राहण्याचा भाग आणि यंत्र उभे करण्याचा भाग यांच्यामध्ये भिंतच नव्हती. पेट्रोलचा वास, तेलाचे ओघळ, टायरांतील वाळू आणि मुलांचे अंथरूण एकाच छताखाली एकाच हवेत नांदणार, आणि याचे नाव 'मोकळी रचना' असे मोठ्या कौतुकाने सांगितले जाई.

रचनाकारांवर अन्याय होऊ नये म्हणून त्यांची अडचण नमूद केली पाहिजे. ओढल्या जाणाऱ्या गाडीच्या एकूण भाराचा दहा ते पंधरा टक्के भाग ट्रकच्या जोडावर पडावा, असा दंडक आहे. तो कमी पडला की मागचे घर शेपटीप्रमाणे डोलू लागते. येथे तर दीड हजार पौंडांचे यंत्र आसांच्या मागे, अगदी टोकाला, येऊन बसणार. साहजिकच जड वस्तू पुढे लोटाव्या लागतात: ओटा, शीतकपाट, आणि कित्येकदा पाण्याची टाकी, जिच्यातील शंभर गॅलन पाणीच आठशे पौंडांहून अधिक भरते. रुंदी साडेआठ फुटांपलीकडे नेण्यास सडकेचा कायदा आड येतो. म्हणून गृहिणीला पुढे दाटी वाटते आणि गॅरेज रिकामे असताना ट्रकच्या पाठीवर ओझे वाढते. हे सारे मला पटले. परंतु भिंतीच्या अभावाचे समाधान त्यातून होत नव्हते, कारण पातळ फळ्यांच्या भिंतीला वजन ते कितीसे?

त्या भिंतीचा शोध घेता घेता मी 'टॉय' या शब्दापाशी आलो. या शब्दाचे कूळ संदिग्ध आहे. चौदाव्या शतकाच्या इंग्रजीत तो शृंगारिक चेष्टा, लाडीगोडी या अर्थाने येतो. मुलांचे खेळणे हा अर्थ सोळाव्या शतकात स्थिरावतो. जे कोशकार मूळ अर्थ क्रीडा असाच धरतात त्यांच्या मते क्रीडेवरून क्रीडेची वस्तू असा सरळ प्रवास झाला, आणि एवढ्यावर ते प्रकरण मिटवितात. दुसरा पक्ष डच भाषेतील 'तॉइख' या शब्दाकडे बोट दाखवितो, ज्याचा अर्थ साधने, अवजारे, सरंजाम. मी निःसंकोचपणे दुसऱ्या पक्षाचा आहे. जर्मन माणूस खेळण्याला 'श्पीलत्सॉइग' म्हणतो, डेन्मार्कचा रहिवासी 'लेगेतॉय' म्हणतो, डच माणसाजवळ 'स्पेलतॉइख' आहे. तिन्ही समासांत पूर्वपद खेळाचे आणि उत्तरपद सरंजामाचे. शेजारच्या तीन भाषांनी एकाच रीतीने शब्द घडवावा आणि त्यांच्याशी समुद्रव्यापाराने जखडलेल्या चौथीने नेमके तेच उत्तरपद योगायोगाने उभे करावे, हे मानणे मला अधिक धाडसाचे वाटते. शृंगारिक अर्थ आधी सापडतो, हा आक्षेप खरा आहे. परंतु लेखी पुराव्यात जो अर्थ आधी सापडला तोच आधी जन्मला असे नव्हे, कारण कवी प्रेमचेष्टा लिहून ठेवतात आणि बंदरावरचे हमाल अवजारांची नावे लिहून ठेवीत नाहीत. 'तॉइख' आणि 'टॉय' यांचे स्वर जुळत नाहीत, हा स्वरभेदाचा आक्षेप मात्र मी दुबळा म्हणत नाही. एवढेच म्हणतो की नावाड्यांच्या मुखातून आलेले शब्द व्याकरणाच्या चौकीवर जकात भरून येत नसतात.

माझ्या पक्षाला सर्वांत बळकट साक्ष बर्मिंगहॅम शहराची आहे. अठराव्या शतकात तेथे 'टॉय' म्हणजे बकले, बटणे, तपकिरीच्या डब्या, घड्याळाच्या साखळ्या, थोडक्यात प्रौढांच्या वापरातील धातूचा बारीक माल; एडमंड बर्कने त्या शहराला युरोपचे टॉय-दुकान म्हटले ते याच अर्थाने, आणि जेम्स वॅटचा वाफेच्या यंत्रातील भागीदार मॅथ्यू बोल्टन याचा मूळ धंदा हाच. त्या बकलांत आणि बटणांत क्रीडा कोठे आहे? तेथे उघड उघड सरंजाम आहे. फिनिक्सच्या आवारातला मिशाळ ग्राहक आपल्या चारचाकी यंत्राला टॉय म्हणतो तेव्हा तो लाडिकपणा करीत नसून, नकळत, शब्दाच्या जुन्या अर्थाकडे परत जात असतो.

आणि येथेच तो दुवा हाती आला ज्यासाठी हा सारा प्रपंच. डच 'तॉइख' चा एक नित्याचा अर्थ आहे घोड्याचा साज: लगाम, खोगीर, पट्टे, कड्या. म्हणजे माझी व्युत्पत्ती खरी असेल तर टॉय हॉलर हे, शब्दशः, साज वाहून नेणारे वाहन ठरते. केवळ शब्दावर इमारत उभी करू नये हे मला ठाऊक आहे. म्हणून मी वस्तूची वंशावळ तपासली.

प्रचलित वंशावळ एका दमात सांगता येते. 'कारवान' या फारसी शब्दापासून इंग्रजी कॅरव्हॅन व त्याचे शेपूट तोडून व्हॅन. 1885 साली गॉर्डन स्टेबल्स या निवृत्त नौदल-वैद्याने ब्रिस्टल येथे बांधवून घेतलेली 'वाँडरर' ही हौशीची पहिली फिरती गाडी. 1919 मध्ये फ्लोरिडातील टँपा येथे जमलेले 'टिन कॅन टूरिस्ट'. 1970 मध्ये होंडाची तीनचाकी आणि 1982 मध्ये सुझुकीची चारचाकी. मग दक्षिण कॅलिफोर्नियातील ग्लॅमिसच्या टेकड्यांवर लोटणारी झुंबड, आणि घर व यंत्र एकत्र ओढण्याची गरज. हे सर्व खरे आहे, परंतु यात घर आधी येते व यंत्र मागाहून त्यात शिरते. मला ही दिशाच चुकीची वाटते.

माझ्या वंशावळीचा मूळपुरुष 1836 सालचा आहे. इंग्लंडच्या दक्षिणेस गुडवुड येथे लॉर्ड जॉर्ज बेंटिंक यांचा एलिस नावाचा घोडा होता, आणि उत्तरेकडे डाँकास्टर येथे सेंट लेजरची शर्यत होती. त्या काळी शर्यतीचे घोडे पायी चालवीत नेण्याचा रिवाज होता. एलिस अजून गुडवुडलाच आहे हे कळताच पैज लावणाऱ्यांनी तो वेळेवर पोहोचणे अशक्य समजून त्याचा भाव पाडला. बेंटिंक यांनी गुप्तपणे, आतून गादी लावलेली, घोडा उभा राहील अशी एक मोठी गाडी बांधवून घेतली, तिला घोडे जुंपले, आणि एलिसला त्याच्या एका सोबत्यासह तीत बसवून थोड्याच दिवसांत उत्तरेस पोहोचविले. एलिस ताजातवाना उतरला आणि शर्यत जिंकला. त्याआधीही असा प्रयत्न झालेला होता. पण रिवाज बदलला तो या विजयाने. जे स्वतः वाहन आहे त्यालाच वाहनात घालून, त्याचे बळ रस्त्यावर न खर्चता मैदानासाठी राखून ठेवणे, ही टॉय हॉलरची संपूर्ण कल्पना येथे सिद्ध आहे. घर तिला नंतर चिकटले.

अमेरिकेत घोडे नेणाऱ्या गाड्यांना पुढच्या बाजूस राहण्याच्या खोल्या जोडलेल्या आजही मिळतात, आणि त्यांत घोडे व माणसे यांच्यामध्ये भक्कम भिंत असते. कारण उघड आहे: घोडा श्वास घेतो, लीद टाकतो, रात्री खूर आपटतो. यंत्र यातले काही करीत नाही. माझा तर्क असा की घोड्याच्या जागी यंत्र आले तेव्हा कारखानदारांना भिंत निरर्थक वाटली. यंत्राचाही वास असतो, हे त्यांनी हिशेबात धरले नाही. प्रतिपक्ष म्हणेल की टॉय हॉलर हा मालवाहू पेटीचा वंशज आहे, जिच्या रिकाम्या पोटात शर्यतबाज लोक खाट टाकून निजत, आणि तेथे भिंत कधी नव्हतीच. ही गोष्ट मी सर्वस्वी नाकारीत नाही. मोकळ्या रचनेचे नमुने त्या घराण्याचे असू शकतील. परंतु ज्या नमुन्यांत भिंत आहे त्यांची कैफियत त्या पेटीतून लागत नाही.

आपल्याकडे ही भिंत जुनी आहे. थोर वाड्यांत पागा वेगळ्या आवारात असे, सराईत जनावरे व माल खाली आणि प्रवासी वरच्या अंगाला राहत. 'पागा' हा शब्दही 'पायगाह' या फारसी शब्दावरून आला. त्यात स्थान आणि मान असे दोन्ही अर्थ नांदतात, आणि हैदराबादच्या पायगा उमरावांच्या नावात तो मान अजून शिल्लक आहे. मी पुतण्याजवळ टॉय हॉलरला 'चाकांवरची पागा' म्हणू लागलो, आणि त्याने ते नाव घरात रूढही केले.

तिसऱ्या शनिवारी आवाराच्या शेवटच्या रांगेत एक जुना, वापरलेला नमुना आढळला. गॅरेज साडेदहा फूट, फीत लावली तरी साडेदहा. बाजूला सरकणारी खोली नाही. आणि मध्ये जाड भिंत, तिला घट्ट बसणारे दार. पुतण्याची पत्नी आत जाऊन दार लावून काही वेळ उभी राहिली व बाहेर येऊन तिने नुसती मान हलविली. मी मात्र गॅरेजच्या बाजूनेच ती भिंत पाहत होतो. तिच्यावर, खांद्याच्या उंचीला, शिरस्त्राणे व पट्टे टांगण्यासाठी ओळीने पाच खुंट्या ठोकलेल्या होत्या. घोड्यांच्या कित्येक गाड्यांत माणसांच्या आणि जनावरांच्या मधोमध, याच जागी, साज टांगतात.