रात्रीची शाळा आणि रविवारची सुट्टी

साक्षरतेचा प्रश्न शिक्षणखात्याचा आणि मजुरीचा प्रश्न कामगारखात्याचा, अशी वाटणी आपण करून टाकली आहे. आपल्याच प्रांताचा इतिहास पाहिला, तर ही वाटणी टिकत नाही, असे आम्हांस वाटते.

१८५५ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात शेतकरी व मजूर स्त्रीपुरुषांसाठी शाळा काढली, ती रात्रीची. कारण उघड आहे. दिवस धन्याला विकलेला होता. शिकणाऱ्याच्या मालकीची उरली होती ती रात्र. पुढच्याच वर्षी मुंबईत पहिली गिरणी सुरू झाली. उजाडल्यापासून मावळेपर्यंत साच्यापुढे उभे राहणाऱ्याला रात्र मिळे खरी, पण पाटीवर डोळा ठरेल एवढे त्राण अंगात उरत नसे. १८८१ च्या कारखाना कायद्याने मुलांच्या कामाचे तास बांधले. प्रौढांच्या कामाच्या तासांना त्यात मर्यादा नव्हती.

फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी नेमके येथे बोट ठेवले. १८८० पासून ते मुंबईत ‘दीनबंधु’ चालवीत होते. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांचा अर्ज सरकारच्या कमिशनपुढे गेला. मागण्या साध्या होत्या: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, कामाला वेळेची मर्यादा, अपघातात जखमी झाल्यास भरपाई, आणि महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत.

या शेवटच्या मागणीचा अर्थ नीट ध्यानी घेतला पाहिजे. पगार लांबला की वाण्याकडे उधारी. उधारी वाण्याच्या वहीत, खाडे आणि दंड गिरणीच्या वहीत. दोन्ही वह्या दुसऱ्याच्या अक्षरात. निरक्षराने फक्त अंगठा उठवायचा. मग कमी मिळाले हे त्याने सिद्ध करावे कशाने?

एप्रिल १८९० मध्ये सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. तीत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. जूनमध्ये गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली आणि १८९१ च्या कायद्याने आठवड्याची सुट्टी सर्वांना दिली.

नुसत्या अक्षराने मजुरी वाढत नाही, हे खरे. ती वाढली संघटनेने. परंतु काय कापले गेले हे दिसायला अक्षर लागते, आणि अक्षर शिकायला फुरसत व पोटभर अन्न लागते. किमान वेतनाचा कायदा १९४८ साली झाला; आज पगार बँकेतही जमा होतो. तरी खात्यावरची नोंद वाचता येत नसेल, तर ती वहीही परक्याचीच.

आपल्या घरी, दुकानी राबणाऱ्यांना आपण साक्षर व्हा म्हणून सांगतो. त्यापूर्वी त्यांच्या हाती हिशेबाचा कागद आणि दिवसातला एक तास आपण दिला आहे काय, एवढे आपण स्वतःला विचारावे.